टाकीचा कलश

ऐंशी किलो वजनाच्या माणसाची राख अमेरिकेतल्या हिशेबाने जेमतेम तीन लिटर भरते. तिथल्या अंत्यविधीच्या धंद्यात एक साधं कोष्टक वापरतात : वजनाच्या दर पौंडाला एक घन इंच जागा. म्हणून दुकानातला नेहमीचा कलश दोनशे घन इंचांचा, म्हणजे ३.३ लिटरच्या आसपास असतो. आता दुसरा आकडा. हार्ले-डेव्हिडसनच्या स्पोर्टस्टरवर वर्षानुवर्षं जी छोटी ‘पीनट’ टाकी बसायची, तिच्यात सव्वादोन गॅलन, म्हणजे आठ-साडेआठ लिटर पेट्रोल मावायचं. १९४८ सालच्या १२५ सीसीच्या लहानशा हार्लेसाठी काढलेली ही टाकी १९५८ च्या एक्सएलसीएच स्पोर्टस्टरवर चढली आणि पुढे गाड्या कापून-छाटून ‘चॉपर’ बनवणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. लांबच्या प्रवासाला ती कुचकामी. शंभर मैल गेलं की पंप शोधायची वेळ. राखेच्या हिशेबाने मात्र ती चांगली ऐसपैस आहे. एक माणूस आत गेला तरी दुसऱ्याला जागा उरते. तिकडे नवरा-बायकोसाठी चारशे घन इंचांचे जोडकलश मिळतात. ही टाकी त्यांच्याहून मोठी.

हा हिशेब चमत्कारिक वाटला, तरी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो गॅरेजमध्ये बसून खरोखर केला जातो. माणूस गेला, गाडी मागे राहिली, आणि घरच्यांनी ठरवलं की राख दुकानातल्या पितळी कलशात न ठेवता त्याच्याच गाडीच्या टाकीत ठेवायची. यासाठी वेगळा कारागीरवर्ग नाही. टाक्या रंगवणारे, जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणारे, वेल्डिंगवाले आणि पुष्कळदा मयताचे मित्रच हे काम करतात. टाकीच्या आकाराचे तयार कलशही विकत मिळतात, पण त्यांच्यात कधी पेट्रोल गेलेलं नसतं. ते शोभेचे. या लेखाचा विषय आहे ती खरी टाकी, जिच्यातून आधी पेट्रोल काढावं लागतं. सगळी कसोटी तिथेच लागते.

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येईल तो वेगळाच : राख घरात ठेवायचीच कशाला? आपल्या रीतीत भांडं टिकण्यासाठी नसतंच. खांद्यावरच्या मडक्याला अश्म्याने भोकं पाडायची, पाण्याची धार धरत चितेभोवती फिरायचं आणि शेवटी ते मागे टाकून फोडायचं. तिसऱ्या दिवशी राख सावडली की अस्थी गाडग्यात किंवा तांब्याच्या कलशात येतात, पण त्या तेवढ्यापुरत्या. त्या घरात आणत नाहीत. अंगणातल्या झाडाला टांगतात आणि दहाव्याच्या आत नाशिकला, आळंदीला नाहीतर जवळच्या संगमावर नेतात. नाशिकच्या रामकुंडात तर अस्थिविलय तीर्थ नावाची जागाच आहे. तिथे अस्थी पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा. थोडक्यात, आपल्याकडे भांडं म्हणजे घाटापर्यंतचं वाहन. अस्थी जपल्या जातात त्या बहुधा थोरांच्या, आणि त्याही घराबाहेर : पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींच्या, दादरच्या चैत्यभूमीत बाबासाहेबांच्या. गांधीजींच्या अस्थींचा एक कलश कटकच्या स्टेट बँकेच्या तिजोरीत राहून गेला होता. तो सापडला तेव्हा देशाला राहून गेलेल्या कामाची रुखरुख लागली, आणि ३० जानेवारी १९९७ ला प्रयागला विसर्जन झालं.

तिकडे मामला उलटा आहे. अमेरिकेतलं पहिलं आधुनिक दहनगृह पेन्सिल्व्हेनियात १८७६ साली सुरू झालं, तरी शंभर वर्षं लोक पुरण्यालाच चिकटून होते. १९७० मध्ये शंभरातल्या पाच जणांचंही दहन होत नसे. २०१६ च्या सुमारास निम्म्याचा टप्पा ओलांडला आणि आज आकडा साठाच्या वर गेला आहे. ब्रिटनमध्ये तर ऐंशीच्या घरात. इतक्या झपाट्याने दहन आलं, पण त्यामागोमाग करायचे विधी काही आले नाहीत. दफनात जागा ठरलेली, दगड ठरलेला, त्यावरची अक्षरं ठरलेली. दहनानंतर मात्र घरच्यांच्या हाती येतं एक प्लॅस्टिकचं खोकं, आत जाड पिशवी, पिशवीत राख, आणि पुढे काय ते तुमचं तुम्ही बघा. नदी ठरलेली नाही, दिवस ठरलेला नाही, पुरोहित विचारत नाही. म्हणून भांड्याला महत्त्व आलं. राख जिथे ठेवाल ते तिचं शेवटचं ठिकाण, आणि ते त्या माणसासारखं हवं. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी पहिली मोटारसायकल घेतली ती पिढी याच काळात जाऊ लागली. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर टाकीचा कलश झाला नसता, असं मला वाटतं.

पण टाकीच का? चाक नाही, हँडल नाही, इंजिन नाही. टाकी पोकळ आहे हे एक उत्तर झालं. दुसरं असं की आसन सोडलं तर मोटारसायकलवर चालवणाऱ्याच्या अंगाला सगळ्यात जास्त लागून असणारा भाग तोच. गुडघे तिला चिकटलेले, पोट तिच्यावर टेकलेलं, ब्रेक दाबला की सगळा भार तिच्यावर. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या टाक्यांना बाजूंनी रबरी गुडघेपट्ट्या असत त्या त्यासाठीच. शिवाय गाडीची ओळख टाकीवर लिहिलेली असते. ट्रायम्फची स्पीड ट्विन १९३७ मध्ये आली ती तांबड्या रंगाच्या आणि क्रोमच्या टाकीसह, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती टाकीच. आपल्याकडच्या बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईच्या कारखान्यात अजून हाताने मारल्या जातात. गाडीच्या बाकी अंगावर इतका जीव कोणी लावत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे टाकी असली दिमाखदार नव्हती. चौकटीच्या वरच्या दोन नळ्यांच्या मध्ये अडकवलेला तो एक चपटा, लांबट डबा होता. पत्र्याला डाग देऊन बनवलेला. विशीच्या दशकात टाकी नळीच्या मधून निघून नळीच्या वर बसली. इंग्लंडच्या एचआरडीने १९२४ मध्ये अशी खोगीर टाकी वापरली, आणि १९२५ मध्ये हार्लेच्या टाकीने थेंबाचा गोलवा घेतला. तेव्हापासून टाकीला खालून एक बोगदा असतो, चौकटीची नळी त्यातून जाते. बाहेरून एकसंध दिसणारी टाकी आतून म्हणूनच दोन कप्प्यांची असते : वर जोडलेली, खाली डावी-उजवी फाकलेली. हार्लेच्या जुन्या मोठ्या ‘फॅट बॉब’ टाक्या तर सरळ दोन वेगळ्या अर्ध्या टाक्या असतात आणि मध्ये डॅशची पट्टी त्यांचा सांधा झाकते. पत्रा साधारण मिलिमीटरभर जाडीचा. साच्यात दाबून त्याचे भाग काढायचे, कडा जुळवून शिवणीचं वेल्डिंग करायचं, मग हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. कित्येक ट्रायम्फ आणि बीएसएच्या टाक्यांवर मधोमध क्रोमची पट्टी दिसते ना, ती नुसती नक्षी नाही. खालची शिवण लपवायला आहे.

हा बोगदा आणि ही शिवण लक्षात ठेवावी लागते, कारण पेट्रोल दडून बसतं ते तिथेच.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट गॅरेजबाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही : भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. द्रवरूप पेट्रोल जळतं, पण स्फोट होतो तो वाफेचा आणि हवेचा. पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सियसच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेच्या तीन-चार पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही, टाकीच्या तळाशी पडून राहते. हवेत तिचं प्रमाण सुमारे दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असलं की एक ठिणगी पुरे. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच अपुरी पडते; चार थेंब उरलेल्या टाकीत मात्र प्रमाण अगदी नेमकं जमतं. पाच-दहा वर्षं कोपऱ्यात पडलेली टाकीही सुटत नाही. गंजाच्या पापुद्र्यांत आणि शिवणीच्या फटीत पेट्रोलचा जुना चिकटा असतो. वेल्डिंगची आच लागली की त्यातून पुन्हा वाफ निघते. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षितता खात्याला लहान टाक्या आणि पिंपांवरच्या वेल्डिंगबद्दल वेगळी पुस्तिका काढावी लागली, कारण या कामात माणसं मेली आहेत. तिचा भर यावर आहे की शक्य असेल तर आच लावूच नका, दुसरा मार्ग काढा.

म्हणून जाणता कारागीर पहिले काही दिवस टाकीवर कसलंच ‘काम’ करत नाही. नुसता धूत राहतो. गरम पाणी आणि साबणाचं द्रावण भरायचं, खळबळून ओतायचं, पुन्हा भरायचं. मग जमलं तर वाफ. मग तोंड, पेटकॉकचं (पेट्रोलच्या तोटीचं) भोक, सगळं उघडं ठेवून वारं लागू द्यायचं. वेल्डिंग टळतच नसेल तर टाकी पाण्याने काठोकाठ भरून फक्त सांध्याजवळ बोटभर जागा रिकामी ठेवायची, नाहीतर आत आर्गॉन सोडत राहायचं. आपल्याकडचा गल्लीतला गॅस-वेल्डिंगवालाही टाकी म्हटली की आधी पाणी भरतो. त्याला पुस्तिकेची गरज पडलेली नाही. दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून हवा हुसकायची एक जुनी युक्ती आहे. ती भरवशाची नाही. धुरात किती प्राणवायू उरलाय ते कोण मोजणार?

यानंतर गंज. आतला गंज काढायला व्हिनेगर चालतं, फॉस्फोरिक आम्ल चालतं, मूठभर नटबोल्ट टाकून टाकी तासन् तास हलवली तरी पापुद्रे सुटतात. मला यातली विजेची पद्धत सगळ्यात आवडते. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, मधोमध एक लोखंडी सळई टाकीला न टेकवता लोंबकळत ठेवायची, बॅटरी चार्जरची धन बाजू सळईला, ऋण बाजू टाकीला. रात्रभरात सळई काळवंडते आणि टाकीतला गंज मोकळा होतो. पत्र्याला ओरखडा नाही, रंगाला धक्का नाही. दोन पथ्यं : यात हायड्रोजन निघतो, तेव्हा खोली बंद ठेवायची नाही, आणि सळई स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, कारण तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. पुन्हा पेट्रोल भरायचं असतं तर यानंतर आतून पेट्रोल सोसणारा लेप द्यावा लागला असता. इथे तो खर्च वाचतो. ओलावा लागू नये एवढंच बघायचं. राख बहुतांशी हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट, पण तिच्यात इतर क्षारही असतात, आणि क्षार आणि दमट हवा एकत्र आली की लोखंडाचं काय होतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

आता रंग, आणि इथे कारागिरांत दोन तट पडतात. काही जण टाकी घासून, पुटी भरून, नव्या रंगाने आरशासारखी करतात. वर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा, एखादं चित्र. या कामातली काही रंगकला अफाट असते हे खरं. पण ज्या टाकीवर माणसाच्या गुडघ्यांनी वीस वर्षं रंग घासला, किल्ल्यांचा जुडगा लागून तोंडापाशी अर्धवर्तुळाकार चरे पडले, तिला कोरी करून मग तिच्यात त्याची राख ठेवायची, यात मला विसंगती दिसते. मग दुकानातला कलशच काय वाईट होता? जुना रंग ठेवायचा ठरवला की मात्र कारागिराचे हात बांधले जातात. वेल्डिंगची आच रंग करपवते. म्हणजे टाकीला नवीन भोक पाडून झाकण जोडणं बाद. जी भोकं मुळात आहेत त्यांवरच भागवायचं. पुस्तिकेचा सल्ला आणि जुन्या रंगाची माया, दोन्ही एकाच बाजूला नेतात, हे त्यातल्या त्यात बरं.

मुळातली भोकं ही : वरचं तोंड, खालचं पेटकॉकचं भोक, काही टाक्यांना डाव्या-उजव्या कप्प्यांना जोडणाऱ्या नळीची दोन टोकं, आणि झाकणातलं हवेचं बारीक छिद्र. खालची भोकं आट्याच्या बुचाने बंद होतात. झाकणातलं छिद्र हमखास विसरलं जातं, आणि तिथूनच दमट हवा आत जाते. वरचं तोंड दीड-दोन, फार तर अडीच इंचांचं. त्यातून राखेची पिशवी जात नाही. नरसाळं लावून राख ओतावी लागते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये भट्टीतून निघालेली हाडं थंड करून, चुंबकाने खिळे-स्क्रू वेचून, क्रेम्युलेटर नावाच्या यंत्रात दळतात, म्हणून ही राख जाडसर रव्यासारखी असते आणि नरसाळ्यातून सरकते. आपण सावडतो त्या अस्थी तशा नसतात; त्या या तोंडातून गेल्याच नसत्या. राख आत पडली की बोगद्यामुळे दोन बाजूंना विभागते. पुढेमागे ती परत काढायची म्हटली, समजा मुलाला थोडी समुद्रात सोडायची झाली, तर टाकी उलटीपालटी करून हलवत बसायचं. हे दृश्य कुणाला सोसेलसं वाटत नाही. तेव्हा ओतण्याआधी विचार करावा : हे कायमचं आहे का?

ज्यांना पिशवीसकट राख ठेवायची आहे ते बोगद्याच्या बाजूने, म्हणजे टाकीच्या पोटाकडून, खिडकी कापतात आणि तिला रबराची कड लावून पत्र्याचं झाकण स्क्रूने बसवतात. टाकी लाकडी पाटावर बसवली की ते दिसत नाही. कापायचं ते आच न लावता, पाणी भरून किंवा हाताने. गंमत अशी की या बाबतीत नव्या गाड्या जुन्यांपेक्षा सोयीच्या. फ्युएल इंजेक्शन आल्यापासून पेट्रोलचा पंप टाकीच्या आत गेला, आणि अनेक जपानी गाड्यांत तो टाकीच्या तळाला बोल्टच्या कड्याने घट्ट बसवलेला असतो. पंप काढला की पंजा जाईल एवढी तयार खिडकी मिळते, तिच्या मापाचं रबरी कडं आणि बोल्टची भोकं कंपनीनेच दिलेली. ज्या टाक्यांवर कुणी कविता करणार नाही त्या टाक्या इथे सगळ्यात उपयोगी पडतात.

पिशवीबरोबर एक धातूची चकती येते. तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. ती देहाबरोबर भट्टीतून गेलेली असते, म्हणून राख कुणाची याचा पुरावा तीच. टाकी बंद करताना चकती आत जायला हवी. टाकीवर नाव रंगवलंय म्हणून चकती खिशात ठेवणं हा आळस झाला.

होंडा गोल्डविंगच्या मालकाला यातला कुठलाच उपद्व्याप करायचा नसतो. १९७५ साली आलेल्या पहिल्या गोल्डविंगची खरी टाकी आसनाखाली होती, वजन खाली राहावं म्हणून. पण मोटारसायकलला टाकी दिसली नाही तर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून टाकीच्या जागी टाकीच्या आकाराचं खोटं कवच बसवलं. त्याचे पंख उघडले की आत विजेच्या तारा, हत्यारांची जागा आणि अडीअडचणीला लावायची किक. पुढे बीएमडब्ल्यूच्या काही मॉडेलांतही पेट्रोल आसनाखाली असे आणि पुढची ‘टाकी’ म्हणजे एअर फिल्टरवरचं कवच. अशा गाडीवर जन्म काढलेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करावं? ज्या भागाला तो टाकी समजून थोपटत होता, त्याच्यात पेट्रोल कधी नव्हतंच. माझं मत विचाराल तर ते कवच घ्यावं. थोपटलेलं तेच होतं.

कुठली टाकी घेऊ नये, हेही सांगायला हवं. पन्नाशीच्या दशकातली, अजून पेट्रोल धरणारी, मूळ रंगाची टाकी कापायला जुन्या गाड्यांचे शौकीन कळवळून विरोध करतात, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. तशी टाकी पुन्हा बनत नाही. उलट गंजून सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडलेली टाकी गाडीला निकामी, राखेला चालते. फायबर ग्लासच्या टाक्यांचंही तेच. साठ-सत्तरच्या दशकात अशा टाक्या हौसेने बसवल्या गेल्या. ब्रिटनने पुढे त्यांना बंदी केली, आणि ज्या उरल्या त्यांची राळ आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने मऊ पडून फुगायला लागली. पेट्रोलने नाकारलेली ही टाकी कलशाला उत्तम, कारण तिला गंजच नाही. आणि काहीच हाताशी नसेल तर नव्याने घडवलेली टाकी मिळते. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांच्या जुन्या मॉडेलांच्या टाक्या आज भारतातल्या छोट्या कारखान्यांत बनून इंग्लंड-अमेरिकेत विकल्या जातात. तिकडच्या एखाद्या दिवाणखान्यातल्या कलशाचा पत्रा इथे ठोकलेला असू शकतो.

घरच्यांना हे सगळं करता येतं, यामागे थोडा कायद्याचा इतिहास आहे. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या लेखिकेने ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या पुस्तकात अंत्यविधीच्या धंद्यातली लूट चव्हाट्यावर आणली. त्या गदारोळातून पुढे चौकशा झाल्या आणि १९८४ साली सरकारचा अंत्यविधी नियम लागू झाला. कलश किंवा शवपेटी आमच्याच दुकानातून घ्या असं धंदेवाइकाला आता म्हणता येत नाही. तुम्ही आणलेलं भांडं नाकारताही येत नाही. भांडं म्हणजे टाकी असली तरी. पण अडचणी इतर ठिकाणी येतात. दहनभूमीच्या भिंतीतले कोनाडे साधारण फूटभराचे, टाकी दीड फुटाची. विमानात तर टाकी घेऊन जाता येतच नाही : क्षकिरणांना आतलं दिसलं पाहिजे, धातूतून ते दिसत नाही, आणि सुरक्षा कर्मचारी मृताच्या आदराखातर कलश उघडत नाहीत, घरच्यांनी विनवलं तरी. म्हणजे राख लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या डब्यातून न्यायची आणि टाकी वेगळी पाठवायची. राख टपालाने पाठवायची झाली तर अमेरिकेत ती फक्त सरकारी टपालखातं घेतं, खासगी कुरिअर नाही. आणि माणूस कॅथलिक असेल तर आणखी एक अडसर : चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली, पण २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की राख घरात ठेवू नये, वाटू नये, तिच्या स्मृतिवस्तू करू नयेत. २०२३ मध्ये थोडी ढील मिळाली, तीही लहानशा भागापुरती. टाकी दफनभूमीत पुरायला त्यांची हरकत दिसत नाही. पण टाकी मातीत पुरायची हे कुठल्या मोटारसायकलवाल्याला रुचेल?

माणसाच्या कामाची किंवा हौसेची वस्तू कलश व्हावी, ही ओढ मोटारसायकलवाल्यांपुरती नाही. प्रिंगल्सच्या चकत्यांचा नळकांड्यासारखा डबा ज्यांनी काढला त्या फ्रेड्रिक बाउर यांची काही राख २००८ साली, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, प्रिंगल्सच्या डब्यातून पुरली गेली. फ्रिस्बीला आजचं रूप देणारे एड हेडरिक २००२ मध्ये वारले; त्यांची राख फ्रिस्बीच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या ओतल्या. मोटारसायकलच्या दुनियेतही टाकी हा सौम्यच प्रकार. इंग्लंडमध्ये पॉल सिंक्लेअर या पाद्र्याने २००२ पासून साइडकारच्या जागी शवपेटी वाहणाऱ्या गाड्या चालवल्या. ओहायोत २०१४ मध्ये एका म्हाताऱ्याला त्याच्या १९६७ च्या इलेक्ट्रा ग्लाइडवर बसवून, पारदर्शक पेटीत, गाडीसकट पुरलं. त्यापुढे टाकीत राख ठेवणं म्हणजे काटकसर म्हणायची.

टाकीत पेट्रोलखेरीज काही ठेवण्याची कल्पनाही नवी नाही. १९६९ च्या ‘इझी रायडर’मध्ये पीटर फोंडा अमेरिकेच्या झेंड्याचे पट्टे रंगवलेल्या टाकीत नोटांची गुंडाळी प्लॅस्टिकच्या नळीतून सरकवतो आणि निघतो. तो सिनेमा पाहून गाडी घेतलेल्या किती जणांची राख आज तशाच रंगाच्या टाकीत असेल, कोण जाणे.

आपल्या देशात मोटारसायकलचं स्मारक झालं ते वेगळ्या वाटेने. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर चोटिला गावाजवळ ओम बन्नांचं देवस्थान आहे. लोक त्याला बुलेटबाबाचं देऊळ म्हणतात. अपघातात गेलेल्या या तरुणाची बुलेट काचेच्या पेटीत उभी आहे, आरएनजे ७७७३ नंबरची. जाणारे-येणारे फुलं, अगरबत्ती आणि दारूही वाहतात. आख्यायिका अशी की अपघातानंतर पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, टाकी रिकामी केली, साखळदंडाने बांधली, तरी सकाळी गाडी पुन्हा अपघाताच्या जागी. इथे राख कुठेच नाही. ती आपल्या रीतीने गेली असणार. उरली गाडी, आणि तिला दैवत केलं. अमेरिकन माणसाला राख कुठे ठेवायची हा प्रश्न होता. इथे राखेचा प्रश्न सुटलेला होता, गाडीचं काय करायचं ते कळत नव्हतं.

आणि हा प्रश्न तिकडेही उरतोच. टाकी काढली की मागे राहते एक बिनटाकीची मोटारसायकल. ती विकायची तर कागदपत्रांची अडचण नाही, कारण नंबर चौकटीवर असतो, टाकीवर नसतो. गिऱ्हाईक दुसरी टाकी शोधून बसवतो आणि किंमत तेवढी पाडून मागतो. भांडण निघालं तर किल्लीवरून निघतं. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत इग्निशनला आणि टाकीच्या झाकणाला एकच किल्ली लागते. गाडी घेणाऱ्याला किल्ली हवी, पण तीच किल्ली दिवाणखान्यातल्या कलशालाही लागते. म्हणून जाणते कारागीर घरच्यांना आधीच बजावतात, टाकी घरी नेण्यापूर्वी गाडीचं कुलूप बदलून घ्या, आणि तो खर्च विकत घेणाऱ्याच्या माथी मारू नका.